साथीच्या गणितात इंदूरची माणसंही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथ आली की ‘रुग्णसंख्या अमुक तारखेला शिखर गाठणार’ असे अंदाज छापून येतात. ते चुकले की लोक गणितालाच नावं ठेवतात. मला वाटतं, त्या गणितात माणसांचं वागणं पुरेसं धरलेलंच नसतं.

कर्मॅक आणि मॅक्केंड्रिक या शास्त्रज्ञांनी १९२७ साली साथीची समीकरणं मांडली, तेव्हा ती मुंबईतल्या १९०५-०६च्या प्लेगच्या मृत्यूंशी ताडून पाहिली होती. त्या साध्या मांडणीत प्रत्येक जण प्रत्येकाला सारखाच भेटतो आणि साथ संपेपर्यंत तसाच भेटत राहतो. प्रत्यक्षात रुग्ण वाढले की लोक धास्तावतात, घराबाहेर कमी पडतात, मग रुग्ण घटतात. भीती ओसरली की गर्दी परतते आणि साथ पुन्हा डोकं वर काढते. आलेखात एका शिखराऐवजी पठार दिसतं, नाहीतर लाटांमागून लाटा. अंदाज वाचून पाऊस बदलत नाही, माणसं बदलतात. लोकांनी ऐकलं म्हणूनही एखादा अंदाज चुकतो!

२२ मार्च २०२० आठवा. जनता कर्फ्यूत दिवसभर घरी बसलेल्या आपल्या शहरातले लोक संध्याकाळी थाळ्या वाजवत राजवाड्यावर जमले. दिवसाची सरासरी काढली तर रस्ते ओस होते. विषाणूला तेवढी संध्याकाळ पुरते.

वागणं बदलता येतं, हेही इंदूरनं पाहिलंय. शंभर वर्षांपूर्वी नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी इथे काम करत होते, तेव्हा शहरात प्लेगची दहशत होती. ज्या भागातली घरं आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ, तिथूनच दिवाळीची मिरवणूक जाईल, असं त्यांनी जाहीर केलं. लोक झाडलोटीला लागले, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती, आणि हार घातलेले सफाई कामगारही मानाने चालत होते. मुंबई-पुण्यात सक्तीच्या तपासणीच्या धाकाने लोकांनी घरातले आजारी लपवले होते, त्या मानाने हा मार्ग किती शहाणपणाचा!

युरोपातल्या ८ देशांत ७,२९० लोकांनी दिवसभरात आपण कोणाकोणाला भेटलो याची डायरी भरली होती. २००८ साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. शाळकरी मुलं आणि तरुण मुख्यतः आपल्याच वयाच्यांत मिसळतात, असं त्यात दिसलं. पण तिथले आकडे इथे कसे चालतील? आपल्याकडे रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत खांद्याला खांदा लागतो, भंवरकुआच्या कोचिंगसाठी बाहेरगावची मुलं एकेका खोलीत दाटीने राहतात, आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, तर वेगळीच.

महापालिका, मेडिकल कॉलेज आणि आयआयटी इंदूर यांनी मिळून अशी डायरी इथे भरून घ्यावी, एकदा साध्या आठवड्यात आणि एकदा रंगपंचमीच्या. साथ सुरू झाल्यावर तर दर पंधरवड्याला पुन्हा विचारावं, कारण उत्तरं तेव्हाच बदलतात. प्रश्नावली हिंदीबरोबर मराठीतही काढावी. घरोघरी पोचवायला आमच्या भागातल्या गणेश मंडळांची मुलं नक्की पुढे येतील.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
रामबाग, इंदूर