आईच्या ऑपरेशनआधी

ती. आई-बाबांस, सा. न.

पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली, बरं झालं. त्याआधी आईचं बी-१२ तपासून घ्या. साखर, ईसीजी, क्रिएटिनिनच्या यादीत ते बहुधा नसतं, आपणच मागायचं.

भूल देताना कुठेकुठे अजून नायट्रस ऑक्साइड वापरतात, तो निळ्या सिलिंडरमधला वायू. शरीरातल्या बी-१२मधला कोबाल्ट त्याच्यामुळे बदलतो आणि ते जीवनसत्त्व निकामी होतं. साठा भरपूर असला तर सहसा काही बिघडत नाही. आईचं तसं नाही. जन्माची शाकाहारी, त्यात कित्येक वर्षं साखरेची मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी ॲसिडिटीची पँटोप्राझोल. दोन्हींमुळे बी-१२ नीट शोषलं जात नाही. (म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका!) साठा तळाला असताना हा वायू दिला, तर नसांवरचं आणि मणक्यातल्या मज्जारज्जूतलं आवरण खराब होऊ शकतं.

गंगावेशीतलं धारोष्ण दूध पितेच की, असं आई म्हणणार. ग्लासभर दुधात जेमतेम १ मायक्रोग्रॅम, रोजची गरज २च्या वर. बाबा, मेटफॉर्मिन तुम्हालाही आहे. पांढऱ्या रश्श्याच्या भरवशावर राहू नका, त्याच दिवशी रक्त द्या.

आधी रक्त, मग ते लाल इंजेक्शन. उलट केलंत तर रिपोर्ट फुगून येतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० काठावर, तेव्हा उपाशीपोटी होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासून घ्या. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडवर थांबू नका, त्याने हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसा मात्र बिघडत राहतात. कमी निघालं तर साधारणपणे १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला देतात.

भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा, "नायट्रस नको." त्याऐवजी भुलेची दुसरी औषधं आहेत: ऑक्सिजन आणि हवेबरोबर हुंगवायचं सेव्होफ्लुरेन, नाहीतर शिरेतून प्रोपोफॉल देता येतं. यात संकोच कसला?

नंतरचे काही आठवडे लक्ष ठेवा. दोन्ही तळव्यांना मुंग्या, चप्पल पायातून निसटलेली न कळणं, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाणं, मान वाकवली की पाठीतून झिणझिणी. हे "शुगरचं असेल" म्हणून सोडू नका. तेव्हा बी-१२चा आकडा नॉर्मल दिसला तरी नसा सुरक्षित आहेत असं समजू नका, कारण रक्तात असलेलं ते निकामीही असू शकतं. डिस्चार्जच्या कागदांबरोबर भुलेच्या नोंदीची झेरॉक्स मागून घ्या. कुठला वायू किती वेळ दिला ते त्यात असतं.

तुमची,
ताई