चाफ्याची फांदी सावलीत ठेवा

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर जीभ रेटली नाही, म्हणून लिहितेय. आपली गल्ली पाडून तिथे कारखाने-गोदामं होणार, त्यासाठी घर द्यायच्या माझ्या हिश्शाच्या संमतिपत्रावर मी सही करून दिली. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बाबा, तुम्ही "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणून खिडकीकडे तोंड करून बसला असतात. तसे बसलेले तुम्ही मी एकदा पाहिलेत, ताईच्या वेळी. पुन्हा बघायची माझी हिंमत नव्हती.

रागावू नका. आधी शेवटपर्यंत वाचा.

घरं पाडून कारखाने आणि गोदामं उभी करायची, यात सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. बाबा, तुमचा मुद्दा मला पटतो. समोरच्या घरातल्या मुलांचा अर्धा दिवस कामावर जाण्यायेण्यात जातो, त्यांना दाराशी काम मिळेल. रस्ता, पाणी, वीज जिथे आधीच पोचली आहे तिथे उद्योग आले तर कुठलं तरी शेत, कुठलं तरी रान वाचतं. पण उठलेली माणसं हवेत राहणार नाहीत ना. त्यांच्यासाठी दुसरीकडे शेत मोडून घरं बांधली, तर वाचलं काय? शिवाय जुनं घर पाडलं की त्यातलं सिमेंट-विटा मातीमोल, आणि नव्यासाठी पुन्हा सिमेंट. जगभर माणसं हवेत सोडतात त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 8 टक्के एकट्या सिमेंटमधून येतो.

आणि रोजगाराचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराची पोलटाऊन वस्ती आठवते. 1981 मध्ये मोटारींच्या कारखान्यासाठी तिथली हजाराहून जास्त घरं सक्तीने घेऊन पाडली, चार हजारांवर माणसं उठली. शब्द दिला होता 6,000 नोकऱ्यांचा. तेवढ्या कधी झाल्याच नाहीत. तेव्हा त्या सक्तीला मान्यता देणाऱ्या मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानेच 2004 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवला. पण तोवर राहायचं कोण उरलं होतं?

मग एवढं कळत असताना सही का केली? बाबा, तुमच्या छातीमुळे. गल्लीतल्या बहुतेकांनी आधीच सह्या दिल्यात. आपण अडून बसलो असतो तर गोदामांच्या मधोमध आपलं एकटं घर उरलं असतं, आणि दारावरून रात्रंदिवस ट्रक. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्ये कर्करोगकारक ठरवलंय. त्यातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही लहान असतात, थेट फुप्फुसात उतरतात. वर्षभराच्या सरासरीने घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम, इतकीच मर्यादा ती संघटना घालून देते. गेल्या हिवाळ्यात तुम्ही जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबून, कठडा धरून, "जरा दोरी बांधतोय चपलेची" म्हणालात. तुमच्या चपलेला दोरी नाही, बाबा.

सही करून मी हात झटकलेले नाहीत. लेखी हरकती दिल्यात: रात्री ट्रक नकोत, कडेने झाडांचा रुंद पट्टा हवा, छपरांवरचं पाणी जमिनीत मुरवायला हवं. एक हेक्टर फरसबंदीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी होतं. आज त्यातलं बरंचसं अंगणं पितात. उद्या ते सगळं खालच्या वस्तीत घुसेल. तिथली माणसं कुठे जाणार आहेत? त्यांची मला तुमच्याइतकीच काळजी वाटते.

आता इकडचं सांगते. तुमची खोली पूर्वेची आहे, सकाळी उन्हात वाचत बसता येईल. न्हाणीघरात दोन्ही बाजूंनी धरायला दांड्या बसवून घेतल्यात. आई, तुझं शिवणयंत्र खिडकीशीच ठेवणार, कोपऱ्यात नाही. बाबांची आरामखुर्ची येतेय, तिचा एक हात मोडका आहे तसाच राहू दे म्हणालात, तर तसाच राहील. इथे तुम्ही पाहुणे नाही. दार लावून झोपावंसं वाटलं तर लावा, मी ठोठावूनच येईन.

लहानपणी वीज गेली की आपण तिघी ओट्यावर बसायचो आणि बाबा, तुम्ही पाठीवर बोटाने अक्षरं काढून ओळखायला लावायचात. मला "घ" कधीच ओळखता यायचा नाही. परवा त्या प्रकल्पाच्या अहवालातल्या नकाशात आपला ओटा शोधला. तिथे नुसता एक क्रमांक आहे. मी रात्री बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले होते.

असो. आता ऐका. जड काही उचलायचं नाही, माळ्यावर तर चढायचंच नाही, दादा रविवारी येतोय. बाबा, पंप घेतल्याशिवाय बाहेर पाऊल नाही. शेजारचं घर पाडायला लागले की खिडक्या बंद आणि तोंडाला ओलं फडकं नाही, मी पाठवलेला मास्क. आई, कागद जाळू नकोस, सगळे पिशवीत भर, मी बघेन.

आणि चाफ्याची हातभर फांदी कापून ठेव, कोवळी नको, करड्या सालीची. चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत राहू दे, लगेच पाण्यात घालू नकोस, सडेल. कुंडी मी भरून ठेवलीय.

तुमची,
धाकटी