ऑटोमॅटिक गाडी देताना चढावर चालवून दाखवा

महोदय,

गुडघेदुखीमुळे चार वर्षांपूर्वी आम्ही एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी घेतली. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला आणि पाऊण तास गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून मी ॲक्सिलरेटर हलका दाबून तिला तोलून धरत होते. आधी जळका वास आला, मग गाडी थरथरली. शेवटी इंजिन नुसतं घोंघावत राहिलं, गाडी जागची हलेना. मागच्या सीटवर नात रडत होती.

मेकॅनिकने काढलेली क्लचप्लेट मी हातात घेऊन पाहिली. कडा झिजलेल्या, पत्रा निळसर काळा पडलेला. पेडल नसलं तरी एएमटीत आत साधाच क्लच असतो. पायाऐवजी यंत्र तो दाबतं, एवढंच. ॲक्सिलरेटरवर गाडी तोलली की तो अर्धवट घसरत राहतो आणि जळतो. अशा वेळी ब्रेक किंवा हँडब्रेकच लावायचा.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या ऑटोमॅटिक गाड्यांच्या दुसऱ्या प्रकारांचं दुखणं वेगळं, तिथे सगळी मदार तेलावर. पुस्तिकेत सांगितलेलंच तेल वापरावं.

गाडी ताब्यात देताना शोरूममध्ये ब्लूटूथ जोडायला वीस मिनिटं गेली, क्लचबद्दल अवाक्षर नाही. विक्रेत्यांनी प्रत्येक ग्राहकाला एकदा तरी चढावर गाडी थांबवून, पुन्हा काढून दाखवावी. ड्रायव्हिंग स्कूलनीही हे शिकवावं.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा