अण्णा, वर्गात एक कविता शिकवली

ती. अण्णा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

धुळ्यात यंदा थंडी चांगलीच पडली आहे. फोन रोज होतो, पण अण्णा, फोनवर तुम्ही केळीचा भाव आणि लाईट यापलीकडे जात नाही, लगेच 'घे, आईशी बोल' म्हणता. म्हणून हे पत्र. आई, चष्मा लाव आणि मोठ्याने वाच. मधलं गाळू नकोस.

एस.वाय.च्या मुलांना 'दोज विंटर संडेज' ही इंग्रजी कविता शिकवली. रॉबर्ट हेडन या अमेरिकी कवीची, 1962 सालची, जेमतेम 14 ओळींची. बाप रविवारीसुद्धा अंधारात उठतो. कडाक्याच्या गारठ्यात कपडे चढवतो आणि आठवडाभर राबून भेगाळलेल्या हातांनी विस्तव फुलवतो. त्याबद्दल त्याला कुणी कधी चांगलं म्हटलेलं नाही. खोल्या उबल्या की तो पोराला हाक मारतो. पोराचे ठेवणीतले बूटही त्याने पॉलिश केलेले असतात. पोरगा रेंगाळत उठतो, बापाशी तुटक बोलतो. मोठेपणी तोच पोरगा विचारतो, मला काय माहीत होतं, प्रेमाची ही रुक्ष, एकट्याने उरकायची कामं मला कुठे कळत होती?

वर्ग हळवा झाला. निम्मी पोरं शेतकऱ्यांची. एकाने उत्तरात 'बाप महान असतो' एवढंच लिहिलं. स्टेटसला ठेवायला बरं आहे ते, कवितेला पुरत नाही. नवव्या ओळीत हा मुलगा स्वच्छ सांगतो की त्या घरातल्या नेहमीच्या संतापाला भिऊन मी उठायचो. हेडनला डेट्रॉइटमधल्या शेजारच्या जोडप्याने वाढवलं होतं, आणि त्यांच्या घरात भांडणं नित्याची होती. तरी कवितेत तो संताप एकट्या बापाच्या माथी मारत नाही, घराच्या नावावर ठेवतो. बापाने थंडी हाकलली, पोराची भीती मात्र तिथेच राहिली.

शेवटचा प्रश्न बहुतेक जण पश्चात्ताप म्हणून वाचतात. पोरगा कृतघ्न होता, आता रडतोय. मला हे पटत नाही. घाबरलेलं पोर आभार मानायच्या फंदात पडत नाही, ते समोरच्याचा अंदाज घेत असतं. त्याला कळलं नाही हा काही त्याचा गुन्हा नाही, आणि त्याला कळलं नाही म्हणून बापाचे कष्टही खोटे ठरत नाहीत. कवीने दोन्ही मांडलं आणि वजाबाकी केली नाही. मला ही कविता आवडते ती एवढ्यासाठी.

शिकवताना डोळ्यांपुढे आपला मळा होता, खोटं कशाला बोलू! पारा 10 अंशांकडे उतरला की केळीची वाढ खुंटते, निसवण अडते, घड बाहेरच पडत नाहीत. मग तुम्ही रात्री बांधावर काडीकचरा आणि वाळलेली पानं पेटवून धूर करायचे. लाईट रात्रपाळीची, तेव्हा बॅटरी घेऊन मोटार सुरू करायलाही तुम्हीच. विहिरीचं कोमट पाणी बसलं की बाग तगते, हे मला पुस्तकाआधी तुमच्याकडून कळलं. सकाळी मफलरला धुराचा वास, पोटरीपर्यंत चिखल, आणि तसेच उकिडवे बसून माझ्या सायकलच्या चेनला तेल सोडायचे. 'मागच्या चाकात हवा कमी आहे.' बोलणं एवढंच.

संध्याकाळी तुमची फटफटी वळणावर वाजली की ताई रेडिओ बंद करायची, मी पुस्तक ओढून घ्यायचो. घड कापणीला आलेले आणि व्यापारी भाव पाडून मागतोय, अशा दिवसांत तर मीठ कमी पडलं एवढ्यावरून ताट भिंतीवर जायचं. भिंतीवरचा वरणाचा ओघळ आई रात्री ओल्या फडक्याने पुसायची. त्या संतापामागचं कारण आज मला कळतं. पण ते कळलं म्हणून तेव्हाची भीती काही मागे जाऊन पुसता येत नाही. अण्णा, तुम्हाला मान खाली घालायला लावावी म्हणून हे लिहीत नाही. नुसतं 'बाप महान' लिहिलं असतं तर तुम्ही घडी करून खिशात ठेवलं असतं, पण ते अर्धंच झालं असतं.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, यात आई कुठे आहे?" खरंच, कवितेत ती नाही. मुलीला मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. आई, तुझी बाजू मी तुला कधी विचारलीच नाही. अण्णा रात्री मळ्यात गेले की तुला झोप लागायची का? त्यांचा राग तुला आधी दिसायचा, मग त्याचं तू काय करायचीस? आणि अण्णा, आजोबांनी हाक मारली की तुम्ही कसे उठायचे?

नाताळच्या सुट्टीत येतोय. भरिताची वांगी आणून ठेवा. बांधावर काटक्या पेटवून मीच भाजतो, तेव्हा सांगा. अण्णांना काटक्या गोळा करायला पाठवू नकोस, त्यांचा गुडघा अजून दुखतोय असं ताई म्हणत होती.

तुमचा,
थोरला