त्या १०० सेकंदांसाठी, काका

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

प्रयोग संपल्यावर मी तुम्हाला शोधत विंगेत आले, तेव्हा तुम्ही केबल गुंडाळत बसला होतात. मी घाईघाईत आभार मानले, तुम्ही नुसती मान हलवलीत आणि पुढची केबल हातात घेतलीत. मलाही सामान बांधायचं होतं. बोलायचं ते राहूनच गेलं. आज सविस्तर लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण त्या रात्रीच्या पत्रिकेत नर्तकांची नावं होती, वादकांची होती, माझंही होतं. तुमचं, हॉलच्या तांत्रिक माणसाचं, नव्हतं. तुम्हाला विचारल्याशिवाय ते इथंही छापत नाही, पण तुमच्याबरोबर ज्यांनी काम केलंय ते दोन ओळींत ओळखतील.

सत्तर मिनिटांचा नृत्याचा प्रयोग. मागे मोठा पडदा, आणि त्यावरची दृश्यं मी लॅपटॉपवरून तिथल्या तिथे, लय ऐकत चालवत होते. बाविसाव्या मिनिटाला पडदा लख्ख निळा झाला. वर अक्षरं आली, 'नो सिग्नल'. मधोमध उभ्या असलेल्या नर्तकीच्या पाठीवर 'नो' पडला होता आणि 'सिग्नल' तिच्या शेजारी पडद्यावर. ती पाठमोरी होती, तिला काहीच दिसत नव्हतं. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

माझा एक हात केबल उपटायला निघाला होता आणि दुसऱ्या हातातल्या रिमोटवर अंगठा प्रोजेक्टर बंद करायच्या बटणावर होता. तुम्ही माझ्या मागेच उभे होतात. "हात बाजूला घे," एवढंच म्हणालात. आवाज चढला नव्हता. रिमोट माझ्या हातून घेतलात आणि शटरचं बटण दाबलंत. निळा गेला, काळोख आला. लगेच हेडसेटवर लाइट्सच्या माणसाला सांगितलंत, "साइडचे चढव, हळू." दोन्ही बाजूंनी उजेड सरकत आला आणि नाच चालूच राहिला. या सगळ्याला पाच-सहा सेकंद लागले असतील. मशीनला तोवर तुम्ही हातसुद्धा लावला नव्हता.

मी प्रोजेक्टर बंद करून चालू केला असता तर काय झालं असतं, हे मला नंतर तुमच्याकडूनच समजलं. त्यात लेझर नव्हता, दिवा होता. असा दिवा एकदा विझला की गार होईपर्यंत परत पेटत नाही, आणि त्याला काही मिनिटं जातात. शटर मात्र दिवा पेटताच ठेवून फक्त उजेड अडवतं. रिमोटवर दोन बटणं शेजारीशेजारी, आणि मी चुकीच्या बटणापासून एका दाबाच्या अंतरावर होते. काका, उरलेल्या प्रयोगातला कितीतरी भाग त्या एका दाबात गेला असता.

मग तुम्ही विचारलंत, "शेवटचं काय हललं?" 'काय बिघडलं' असं विचारलं असतंत तर मी पाच शंका सांगितल्या असत्या. या प्रश्नाला मात्र एकच उत्तर होतं: मी काही हलवलं नव्हतं, पण नुकताच ढोलाचा मोठा ठेका सुरू झाला होता. तुम्ही टेबलावर तळहात ठेवलात. टेबल थरथरत होतं.

चित्राची वाट अशी होती: लॅपटॉपमधून एचडीएमआय (टीव्हीला लावतात ती जोडणी), मग तिचं एसडीआय (स्टुडिओतली लांब पल्ल्याची जोडणी) करणारा कन्व्हर्टर, तिथून साठ मीटर केबल, पलीकडे दुसरा कन्व्हर्टर, शेवटी प्रोजेक्टर. तुम्ही टोकापासून सुरुवात केली नाहीत. पहिल्या कन्व्हर्टरला जाणारी एचडीएमआय काढून आपल्या छोट्या मॉनिटरला लावलीत. चित्र व्यवस्थित होतं. म्हणजे लॅपटॉप, माझं सॉफ्टवेअर, माझ्या सगळ्या फाइली, सगळं एका झटक्यात संशयातून मोकळं झालं. मी रीस्टार्ट करणार होते ते आपोआप टळलं. मग तुम्ही टॉर्च तोंडात धरून कन्व्हर्टरकडे बघितलंत. त्याचा बारीक दिवा बंद होता. त्याला वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून येत होती आणि ती पिन ठेक्यासरशी अर्धी बाहेर सरकली होती. तुम्ही खिशातून वेगळा अ‍ॅडाप्टर काढलात, वीज थेट भिंतीतून घेतलीत आणि वर गॅफर टेपची पट्टी मारलीत. ती पट्टी मी अजून सोलून काढलेली नाही.

एचडीएमआय २००२ साली आलं ते घरातल्या टीव्हीपुरतं. त्याची पिन नुसती खोचलेली असते, धक्का लागला की सुटते. एसडीआय त्याच्या आधीचं, १९८९ मधलं, स्टुडिओंसाठी केलेलं. त्याची पिन फिरवून अडकते आणि एचडीचं चित्र चांगल्या केबलवरून शंभर मीटरच्या आसपास नेता येतं. हे मला माहीत होतं, म्हणून मी लांबच्या केबलची इतकी काळजी घेतली होती. वीज कुठून येते याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

चित्र परत आलंय हे मॉनिटरवर दिसताच मी म्हणाले, "उघडू?" तुम्ही बोट वर केलंत. प्रोजेक्टर अजून सिग्नल पकडत होता, आणि शटर उघडलं असतं तर ती सगळी चाचपड प्रेक्षकांनी पाहिली असती. नंतर तो स्थिर झाला तरी तुम्ही थांबलात. तबल्याकडे कान लावून म्हणालात, "समेवर," म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तिहाई, म्हणजे समेवर नेणारा तीनदा वाजणारा तुकडा, आली, सम आली आणि पडदा उजळला. रेकॉर्डिंगमध्ये मी मोजलं, निळ्यापासून समेपर्यंत बरोबर १०० सेकंद. तांत्रिक माणूस ताल ऐकत थांबतो, हे मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं.

मुख्य नर्तकी नंतर मला म्हणाली की काळोख झाला तेव्हा तिला हातांवरचा उजेड गेलेला जाणवला, आणि साइडचे दिवे चढल्यावर तिने हात तिकडे वळवले. तुम्ही उजेड दिलात म्हणून तिला वळायला जागा मिळाली. तिचा निरोप तुमच्यापर्यंत पोचवायचा होता, तो पोचवला.

सामान भरताना तुम्ही दोन गोष्टी दिल्यात. एक काडेपेटीएवढी डबी. केबल क्षणभर सुटली तरी समोर पडदा आहेच असं ती लॅपटॉपला सांगत राहते, त्यामुळे खिडक्या उड्या मारत नाहीत आणि माउसचा बाण भर प्रयोगात पडद्यावर येत नाही. दुसरी गोष्ट, एक प्रश्न: "तुझ्या फाइली कशात आहेत?" एच.२६४ मध्ये होत्या, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत. त्यात बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमशी असलेल्या फरकाने साठवतात, मागेपुढे उडी मारली की मशीनला बरंच उलगडावं लागतं, आणि माझी दृश्यं मधूनमधून अडखळत होती हे तुम्ही मागे उभ्या-उभ्या टिपलं होतंत. आता सगळं हॅपमध्ये आहे. २०१३ पासून वापरात असलेला हा कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत) प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवतो आणि उलगडायचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकतो. फाइली जड झाल्या, डिस्क मोठी घ्यावी लागली, पण अडखळणं गेलं.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका प्रयोगात लॅपटॉप तापला आणि चित्र गोठलं. माझ्या कंट्रोलरचं डावीकडचं पहिलं बटण आता फक्त ब्लॅकआउटसाठी आहे. तुम्हाला भेटल्यापासून तिथे दुसरं काही ठेवत नाही, आणि चित्र मधल्या स्विचरमधून (कोणत्या लॅपटॉपचं चित्र पुढे जाईल ते निवडणाऱ्या यंत्रातून) जातं, म्हणजे लॅपटॉप गोठला तरी बटण चालतं. ते दाबलं, लाइट्सना खूण केली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून एक श्वास घेतला. मग स्विचर दुसऱ्या लॅपटॉपवर वळवला आणि ठेका ऐकत थांबले. शेजारी बसलेली नवी मुलगी केबलकडे झेपावली होती. मी तिला म्हणाले, "हात बाजूला घे." म्हणताना तुमची फार आठवण झाली.

ती डबी अजून माझ्याकडेच आहे. "पुढच्या वेळी दे," म्हणाला होतात. पुढच्या महिन्यात तुमच्या हॉलला प्रयोग आहे. डबी आणतेय, यूएसबीवर न चालणारा एक कन्व्हर्टरही आणतेय, आणि या वेळी पत्रिका छापायला जाण्याआधी तुम्हाला फोन करणार आहे. नाव कसं लिहायचं तेवढं सांगा.

तुमची,
कन्सोलवरची मुलगी