नियम दिल्लीचे, पगार मुंबईचा

बीड,
ता. १४ जुलै

प्रिय संजय,

परवा फोनवर तू म्हणालास, "कॉलेजं राज्याची, मग पैसे राज्यानंच द्यावेत. दिल्लीकडे कशाला बोट दाखवतोस?" तेवढ्यात रेंज गेली. पण तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत तुझं म्हणणं बरंचसं खरं होतं. शिक्षण राज्यसूचीत होतं, मग ते समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, गेलं. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं तर पहिल्यापासून केंद्राकडेच. प्राध्यापकाची पात्रता काय, वेतनश्रेणी काय, हे केंद्र आणि त्याची यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, ठरवतात. ते मला मान्यच आहे. बीडच्या पोराला दिल्लीच्या पोराइतकाच चांगला शिक्षक मिळायला हवा. पण त्याचा पगार? सातव्या वेतन आयोगाच्या वाढीव बोजाचा निम्मा वाटा केंद्रानं उचलला, तोही १ जानेवारी २०१६ ते ३१ मार्च २०१९ एवढाच. सहाव्याच्या वेळी तो ८० टक्के होता. मुदत संपली की सगळा भार राज्यावर. मग राज्य काय करतं? माणूस निवृत्त झाला की जागा भरतच नाही. अशाच एका रिकाम्या जागेवर मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबानं, शिकवतोय. यंदा नववं वर्ष.

यूजीसीनं २०१९ साली अतिथी, म्हणजे माझ्यासारख्या तासावरच्या, प्राध्यापकांसाठी तासाला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार, असा दर ठरवला. माझ्या हातात तो कधी पडला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर एक रुपयाही नाही. तुझा पगार केंद्राच्या अनुदानातून येतो, रे. तुला एक तारखेला बँकेचा मेसेज येतो, म्हणून हे दिसत नाही. रागावू नकोस.

आणि पोरांचं वेगळंच. अनुसूचित जातींच्या मुलांची पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरची, शिष्यवृत्ती घे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं ६० टक्के, राज्यानं ४० टक्के असं ठरलं. त्याआधी बहुतेक ओझं राज्यांवरच पडत होतं, त्यामुळे हा निर्णय चांगलाच झाला. पण राज्याचा वाटा पडल्याशिवाय केंद्राचा सुटत नाही. गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी, आईबाप ऊसतोडीला, रोज मोबाइलवर खातं बघायची. परीक्षेचा फॉर्म भरायला तिच्या आईनं मुकादमाकडून उचल वाढवून घेतली. म्हणजे पोरीच्या फॉर्मसाठी पुढच्या हंगामाची मजुरी आधीच गहाण पडली. कुणाचा वाटा कुणाआधी, हे त्या माउलीला कुणी सांगावं?

राज्याला मी सोडत नाहीये. जागा न भरण्याचं पाप त्याचंच. पण जो दर्जा ठरवतो त्यानं खर्चातला वाटाही कायमचा उचलावा, तीन-चार वर्षांपुरता नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमच्या विभागात अतिथी प्राध्यापकांना १५०० रुपयांनी मानधन देतात ना? त्या आदेशाची प्रत पाठव. आम्ही पुढच्या आठवड्यात निवेदन देतोय, त्याला जोडायची आहे. वहिनींना नमस्कार, चिमुकलीला गोड पापा.

तुझा,
दत्ता