कॅरॅव्हॅनमधला फ्रिज आणि इन्व्हर्टर

संपादक महोदय,

कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, बॅटरीच्या विजेवर इन्व्हर्टर लावून घरगुती फ्रिज बसवताना ‘फ्रिज शंभर वॅटचा, तीनशेचा इन्व्हर्टर पुरे’ असं सर्रास सांगितलं जातं. साफ चूक! कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहापट वीज ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. १००० वॅटचा, प्युअर साइन वेव्हच (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) घ्या. स्क्वेअर वेव्हवर (चौकोनी, तुटक लहरीवर) मोटर गुरगुरते, तापते. बॅटरी ते इन्व्हर्टर केबल जाड तांब्याची, मीटरभरच. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनललगत. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि भरलेल्या बॅटरीवरही ‘लो बॅटरी’चा बझर वाजतो.

छोटा फ्रिज १२ व्होल्टच्या बॅटरीतून दिवसाला साधारण ६० अँपिअर-तास (बॅटरीतल्या साठ्याचं माप) खातो, इन्व्हर्टर नुसता चालू राहून आणखी ३०. १५० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे दिवसही निघत नाही. नव्या गाडीत इन्व्हर्टरशिवाय थेट बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिजच बसवावा.

– एक वाचक, पुणे